अकरा मिनिटांचा उशीर

पहिल्याच भेटीत चिनात्सुनं त्याच्या टोपीवर पाय दिला.

एप्रिल उजाडला होता, पण तोचिहाराच्या फलाटावरचा वारा अजून कान उपटून न्यायचा. हा फलाट दोन रुळांच्या मधोमध, त्याला भिंत नाही की आडोसा नाही. मध्यावर पत्र्याची एक शेड, शेडखाली बाक, बाकावर गावातल्या बायकांनी विणलेल्या चार उशा. तिकीटखिडकी बंद होऊन जमाना झाला होता आणि स्टेशनमास्तर तर त्याच्याही आधी गेला होता. रोज सकाळी दहा सोळाला समुद्राकडून वर जाणारी एका डब्याची गाडी आणि डोंगरातून खाली येणारी एका डब्याची गाडी इथे समोरासमोर थांबायच्या, कारण पुढे रूळ एकच. मग दोन्ही ड्रायव्हर आपली गाडी सोडून दुसऱ्याच्या गाडीत चढायचे, म्हणजे दुपारच्या जेवणाला ज्याला त्याला आपल्या डेपोत परतता यायचं. या सगळ्याला वेळ मिळायचा तीन मिनिटं.

चिनात्सु कुवाबारा शिओहामा डेपोची, म्हणजे समुद्राकडची. वय सव्वीस, उंची जेमतेम पाच फूट, आणि या मार्गावरचा तिचा तिसरा दिवस. ती फलाटावर उतरली आणि समोरून काहीतरी काळं घरंगळत आलं. आता ते रुळावर पडणार, तेवढ्यात तिनं त्यावर पाय ठेवला. उचलून बघते तर गणवेशाची टोपी.

टोपीमागून तिचा मालक आला. उंच, तिशीच्या आसपासचा, केस वाऱ्यानं उभे राहिलेले. त्यानं टोपी घेतली, तिच्यावरचा बुटाचा ठसा नीट बघितला, ती तशीच डोक्यावर चढवली आणि पांढऱ्या हातमोज्यानं सलाम ठोकला.

"सहाशे चौदा नंबरची गाडी, वेळेवर. बिघाड काही नाही."

तिनंही सलाम केला. "सहाशे तेरा, वेळेवर. बिघाड काही नाही." मग तिला राहवेना. "टोपी सोडून."

"टोपी गाडीत मोजत नाहीत," तो म्हणाला आणि ताडताड तिच्या गाडीकडे निघून गेला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं : उत्सुगी, इवाबुचि डेपो.

ती त्याच्या गाडीत जाऊन बसली, तर खुर्ची इतकी मागे की हॉर्नच्या पेडलला पाय पोचेना. खुर्ची पुढे ओढण्यात वीस सेकंद गेली. पुढच्या भेटीतही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. चौथ्या वेळी मात्र ती चढली आणि खुर्ची आधीच पुढे ओढलेली होती, अगदी तिच्या मापानं. त्यानं ते कधी केलं, माप कुठून घेतलं, देव जाणे. त्या दिवशी तिनं तोचिहाराला फाटक नसताना उगाचच हॉर्न वाजवला.

आता तीन मिनिटांत प्रेम बसतं का, असं कुणी विचारेल. बसायला काही लागत नाही हो, बोलायला लागतो वेळ. तीनपैकी दीड मिनिट उतरणाऱ्यांच्या, कोण कुठे चढलं ते सांगणाऱ्या नंबराच्या चिठ्ठ्या बघून भाडं घेण्यात जायचं, अर्धं चालण्यात, उरलेलं सलामात. शिवाय गणवेशात, प्रवाशांसमोर, फलाटावर हसतखिदळत उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी डेपोत तक्रारीचं पत्र. त्यामुळे त्यांचं संभाषण हप्त्याहप्त्यानं चालायचं, आठवड्यातून दोनदा, ड्यूटी जुळेल तसं.

एका मंगळवारी तिनं विचारलं, "तुमच्या डोंगरात सुट्टीच्या दिवशी करता काय?"

शुक्रवारी उत्तर आलं. "मासे पकडतो."

पुढच्या बुधवारी ती म्हणाली, "मासे तर आमच्याकडे. समुद्रात."

शनिवारी तो म्हणाला, "तुमच्याकडचे मोठे. मला आपले छोटे बरे."

यावर चिनात्सुनं तीन दिवस डोकं खाजवलं. हे माशांबद्दल होतं की पाच फुटांबद्दल? चौथ्या दिवशी तिनं धीर करून विचारलं, "छोटे म्हणजे... किती छोटे?" तेव्हा तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, "बिघाड काही नाही" म्हणाला आणि पळाला.

हे सगळं बघणारा एक साक्षीदार होता. सोनोबे नावाचा निवृत्त न्हावी, स्टेशनासमोर राहणारा. कुणी सांगितलेलं नसताना तो फलाट झाडायचा, हिवाळ्यात बर्फ उपसायचा, उशा उन्हात टाकायचा. "पोरी," तो एकदा फावडं टेकवून म्हणाला, "चाळीस वर्षं मी माणसांच्या माना बघितल्या. तू उतरलीस की त्या लांबोळ्याची मान लाल होते. वस्तरा लावायच्या आधीच."

"वाऱ्यानं होत असेल, काका."

"वारा मलाही लागतो की."

असे दहा महिने गेले. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला तिनं चॉकलेटचा छोटा डबा बॅगेत ठेवला होता. पण त्या दिवशी नेमकी गरम पाण्याच्या झऱ्यावर निघालेली म्हाताऱ्यांची सहल तोचिहाराला उतरली. एकेकाला हात देऊन उतरवण्यातच तीन मिनिटं संपली. डबा परत शिओहामाला आला आणि तिनंच तो दोन दिवसांत फस्त केला, रागानं.

मग महिनाअखेरीला सकाळच्या हजेरीत डेपोप्रमुख मिकामीसाहेबांनी नवं वेळापत्रक वाचून दाखवलं. "शनिवार, चौदा मार्चपासून लागू. तोचिहाराला गाड्यांची गाठ बंद. ड्रायव्हर बदलणंही बंद. प्रत्येकानं आपली गाडी टोकापर्यंत न्यायची आणि आणायची. काही शंका?"

कुणालाच शंका नव्हती. उलट जो तो खूश होता, त्या वाऱ्यात उतरायला नको म्हणून. चिनात्सुनं भिंतीवरची ड्यूटीची यादी बघितली. बोट फिरवत फिरवत मोजलं. चार. आणखी चार वेळा तो दिसणार, आणि मग दोघं एकाच रुळावर, वेगवेगळ्या वेळेला, जन्मभर.

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. भात करपला. मोजे उलटे घातले. फोन नंबर मागायचा, झालं, त्यात काय एवढं, असं ती आरशासमोर रोज म्हणायची. पण ड्यूटीवर फोन कपाटात कुलूपबंद, आणि चिठ्ठी द्यायची म्हणजे सगळ्या डब्यादेखत द्यायची. डेपोतून नंबर काढावा तर संध्याकाळपर्यंत दोन्ही टोकांना बातमी. आणि खरं सांगायचं तर भीती दुसरीच होती. त्यानं आजवर खुर्ची पुढे ओढली होती, पण तो माणूसच नीटनेटका. प्रत्येकीसाठी ओढत असला तर?

उरलेल्या चारांतल्या पहिल्या भेटीला एका आजोबांची नंबराची चिठ्ठी हरवली. कोटाचे चार खिसे, पँटचे दोन, मग टोपी, शेवटी ती चिठ्ठी त्यांच्या हातातच सापडली. चिनात्सु धावत शेडपर्यंत आली तेव्हा चाळीस सेकंद उरली होती.

"नवं वेळापत्रक..." उत्सुगी म्हणाला, "बघितलंत?"

"बघितलं."

"हं."

"हं म्हणजे?"

सिग्नल बदलला. तो सलाम करून गेला, आणि ती त्या एका "हं"चे अर्थ लावत शिओहामापर्यंत आली. सुटकेचा हं? दुःखाचा हं? की नुसताच हं? नऊ स्टेशनं गेली तरी उलगडा झाला नाही.

दुसऱ्या भेटीला सकाळपासून ओला बर्फ पडत होता. या वेळी ती ठरवून आली होती, वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. तो समोर आला, टोपीवरून पाणी ठिबकत होतं. "सहाशे चौदा, वेळेवर. बिघाड काही नाही."

तिनं तोंड उघडलं आणि पाठ केलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठे. समोर फक्त घड्याळ दिसत होतं, त्यात दोन मिनिटं. आणि तिच्या तोंडून निघालं, "गाडीत आवाज येतोय."

उत्सुगीचा चेहराच बदलला. "कुठून?"

"खालून. मागच्या चाकांच्या... तिथून."

"कसा?"

"टक. टक टक."

"वेगाबरोबर वाढतो?"

"कधी कधी."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. रेल्वेत भूत दिसलं म्हटलं तर लोक हसतील, पण आवाज आला म्हटलं तर कुणी हसत नाही. त्यानं लगेच नियंत्रण कक्षाला कळवलं. दोन्ही गाड्या जागीच थांबवा, तपासा, असा हुकूम आला. दुसऱ्या क्षणी उत्सुगीनं कोट काढून तिच्या हातात दिला, टॉर्च आणि हातोडी घेतली आणि तो रुळावर उतरून डब्याखाली शिरला, त्या बर्फाच्या चिखलात, पाठीवर.

ती फलाटाच्या कडेला बसून टॉर्च धरू लागली. खालून हातोडीचे ठोके येत होते. टण. टण. एकही ठोका बद्द नाही. सगळं कसं खणखणीत.

"कुवाबारासान," खालून आवाज आला, "उजेड हलतोय."

"थंडी आहे."

"कोटाच्या उजव्या खिशात हात शेकायची गरम पुडी आहे. ती धरा."

तिनं खिशात हात घातला. पुडी गरम होती, कोटाला डिझेलचा आणि साबणाचा वास होता. तिला वाटलं, हे असंच चालू राहावं आणि आपण मात्र आत्ताच्या आत्ता जमिनीत गडप व्हावं.

"मासे अजून पकडता का?" तिनं विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"मार्चमध्ये हंगाम उघडतो." टण.

"एकटेच जाता?"

ठोका थांबला. "आजवर."

तेवढ्यात गाडीतून एक बाई उतरली, पाठीशी काठी टेकत तिची म्हातारी आई. "फार वेळ लागेल का हो? आईची इस्पितळातली वेळ आहे, दोन महिन्यांनी मिळालीय." चिनात्सु कमरेत वाकून माफी मागत राहिली. ती बाई बिचारी उलट म्हणाली, "नाही नाही, सुरक्षितता आधी. तुम्ही लक्ष दिलंत म्हणून बरं." हे वाक्य चिनात्सुला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

उत्सुगी वर आला. गालावर काळं वंगण, पाठ भिजून चिंब. "काही सापडलं नाही."

"मग नसेलच. मला भास झाला असेल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणार," तो साधेपणानं म्हणाला. "मी हळू नेतो, कान लावून. खाली पोचलात की गरम पाण्यात हात घाला." त्यानं कोट घेतला. अकरा मिनिटांच्या उशिरानं दोन्ही गाड्या सुटल्या. दहा महिन्यांत त्यांना एकमेकांसोबत मिळालेली ती सगळ्यात मोठी अकरा मिनिटं, आणि त्यातलं एकही तिला सुखानं आठवता येईना.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो दुसऱ्याच दिवशी बसला. तो डबा कारखान्यात गेला. या मार्गावर डबे आधीच मोजके. सकाळची शाळेची गाडी दोन डब्यांची होती, ती एका डब्याची झाली आणि ती चालवायची पाळी आली चिनात्सुवर. पोरं दप्तरं पोटाशी धरून काचेला चिकटलेली, दर स्टेशनावर कुणीतरी "सॉरी, सॉरी" म्हणत आत घुसतंय. एक पोरगी उभ्या उभ्या उलटी करायची राहिली. चिनात्सु समोर बघून गाडी हाकत होती.

पाचव्या दिवशी तिनं ठरवलं, सांगून टाकायचं. ती मिकामीसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली, पण आधी तेच बोलले.

"बरं झालं आलीस. कारखान्यानं चाकं उघडली. काही नाही सापडलं." त्यांनी चष्मा काढला. "मी तुला लेखी विचारणारच होतो. नसलेला आवाज सांगणं म्हणजे काय, तुला सांगायला नको. पण मग इवाबुचिहून उत्सुगीचा अहवाल आला. त्यानंही ऐकलाय. बोगद्याआधी दोनदा, नंतर एकदा. दहा वर्षांत या माणसानं एक अक्षर जास्तीचं लिहिलेलं नाही. मे महिन्यात त्याची एक्स्प्रेससाठी परीक्षा आहे, उगाच कशाला लिहील? म्हणजे आवाज आहे. कारखान्याला म्हटलं, पुन्हा उघडा."

चिनात्सुनं टेबलाकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"तू काय सांगायला आली होतीस?"

"काही नाही, साहेब. डबा कधी येईल, विचारायचं होतं."

बाहेर येऊन ती जिन्यावर बसली. आवाज नव्हता. नव्हता म्हणजे नव्हताच, तिनंच तर तो जन्माला घातला होता. म्हणजे त्या माणसानं, एक अक्षर जास्तीचं न लिहिणाऱ्या माणसानं, खोटं लिहिलं होतं. तिच्यासाठी? दुसऱ्या कुणासाठी असणार? तिला इतका आनंद झाला की तिनं तोंडावर हात दाबला, आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की हात तसाच राहिला. आता खरं सांगावं तर तो बुडणार, परीक्षेसकट. न सांगावं तर पोरं काचेला चिकटलेलीच, आणि कारखान्यातली माणसं नसलेला आवाज शोधत हातोड्या मारत बसणार. एका आवाजाला आता दोन धनी झाले होते, आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय पहिलीला तोंड उघडायची सोय उरली नव्हती.

तिसऱ्या भेटीत विचारू म्हणावं, तर दुष्काळात तेरावा महिना. समुद्राकडून वादळी वारा सुटला आणि दिवसभर सगळ्या गाड्याच रद्द झाल्या. ती डेपोच्या खिडकीत उभी राहून लाटा बघत राहिली. दहा सोळा झाले. दहा एकोणीस झाले. मिकामीसाहेब म्हणाले, "अगं बस की जरा, किती येरझाऱ्या घालतेस." ती बसली आणि परत उठली.

उरला शुक्रवार, तेरा मार्च.

त्या दिवशी तोचिहाराला नेमकं कुणीच उतरलं नाही. आभाळ मोकळं होतं, फलाटाखालचा बर्फ वितळून त्यातून हिरवे कोंब वर आले होते. सोनोबे झाडू घेऊन आला होता, पण दोघांना बघून त्यानं फलाटाचं पार दुसरं टोक झाडायला घेतलं. चिनात्सु जवळजवळ पळतच शेडखाली आली. उत्सुगी तिथे आधीच उभा होता.

सलाम झाले. "सहाशे चौदा, वेळेवर—"

"आवाज नव्हता," ती म्हणाली.

त्याचा हात टोपीशीच राहिला. मग हळूच खाली आला. "माहीत आहे. इवाबुचिपर्यंत कान लावून बसलो होतो. इतकी शांत गाडी मी आयुष्यात चालवली नसेल."

"मग लिहिलंत का?"

"तुम्ही एकट्या पडला असता."

"पडू द्यायचं होतं. मी खोटं बोलले होते."

"का बोललात?"

हा प्रश्न तिनं धरलाच नव्हता. घड्याळात पावणेदोन मिनिटं उरली होती. "ते... ते नंतर. आधी हे ऐका. मला साहेबांना खरं सांगायचंय. शाळेची पोरं लोणच्यासारखी कोंबून न्यावी लागतायत, मला ते बघवत नाही. पण मी सांगितलं की तुमचंही उघडं पडतं. तुमची परीक्षा आहे."

"आहे."

"म्हणून विचारतेय. तुम्ही नको म्हणालात तर..." तर काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

उत्सुगीनं रुळांकडे बघितलं. जबडा आवळला, सोडला. तो घाबरला होता, हे तिला स्वच्छ दिसलं. दहा वर्षं जपलेलं नाव होतं ते. "मी तीन रात्री झोपलो नाही," तो म्हणाला. "अहवालातलं ते वाक्य डोळ्यासमोर येतं. बोगद्याआधी दोनदा, नंतर एकदा. तपशिलासकट खोटं. मला वाटायचं, मला असलं जमणारच नाही."

"छान जमलंय तुम्हाला. मिकामीसाहेबांनी कौतुक केलं."

तो हसला. दहा महिन्यांत पहिल्यांदाच दात दिसले. मग लगेच गंभीर झाला. "सोमवारी सुट्टी आहे तुम्हाला?"

"आहे."

"मलाही. सकाळी इथे या. दोघं मिळून जाऊ. आधी माझ्या साहेबांकडे, मग तुमच्या. लेखी कबुलीजबाब घेऊन."

"पहिल्यांदाच कुठे नेताय, ते साहेबांच्या शिव्या खायला."

"शिव्या दोन्हीकडे मिळतील," तो म्हणाला. "भरपूर."

सिग्नल बदलला. दोघंही आपापल्या दिशेला चालू लागले, नेहमीसारखे न पळता. तिकडून सोनोबे ओरडून म्हणाला, "झालं का काही, की मी अजून झाडू? फलाट झिजला इथला."

शनिवार आणि रविवार चिनात्सुनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. कबुलीजबाब सात वेळा लिहिला. घटना लिहून व्हायची, दिलगिरी लिहून व्हायची, मध्ये "कारण" नावाचा रकाना होता, तिथे पेन अडायचं. आठव्यांदा तिनं तो एका ओळीत लिहिला आणि वाचून न बघता पाकिटात घातला.

सोमवारी ती प्रवासी म्हणून तोचिहाराला उतरली. आयुष्यात पहिल्यांदा नंबराची चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात देऊन. उत्सुगी बाकावर बसला होता, गणवेशाशिवाय, करड्या स्वेटरमध्ये. टोपी नसल्यामुळे कुणीतरी अनोळखी वाटत होता, आणि खूप तरुण. ती ज्या गाडीनं आली ती पुढे डोंगराकडे निघून गेली, आणि तिच्यात चढायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. नव्या वेळापत्रकात डोंगराकडची पुढची गाडी पन्नास मिनिटांनी होती.

पन्नास मिनिटं. दोघांनाही त्यांचं काय करायचं ते कळेना. तो उठून उभा राहिला, ती बसली, मग ती उठली आणि तो बसला.

"शुक्रवारी तुम्ही म्हणालात, नंतर सांगते," तो शेवटी म्हणाला. "खोटं का बोललात ते."

"लिहिलंय त्यात. तुम्ही काय लिहिलंत?"

"तेच वाचा म्हणणार होतो. साहेबांच्या आधी तुम्ही. अक्षर वाईट आहे." त्यानं पाकीट पुढे केलं.

अक्षर वाईट मुळीच नव्हतं. सरळ, सरकारी, एकेक ओळ रुळासारखी. सदर दिवशी सदर डब्यात कोणताही आवाज ऐकू आला नाही. तरीही तो ऐकल्याचे मी लिहिले. मग कारणाचा रकाना : शिओहामा डेपोच्या चालक कुवाबारा या मला गेले दहा महिने आवडतात. त्यांना कुणी खोटे म्हणावे हे मला सहन झाले नाही. यात त्यांचा काहीही दोष नाही. त्यांना याची कल्पना नाही. खाली सही, त्यावर त्याच्या नावाचा लाल शिक्का.

चिनात्सुनं ते दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. "हे तुम्ही साहेबांना देणार?"

"खोटं एकदा लिहून बघितलं. झेपत नाही."

"ही गोष्ट आधी बाईला सांगतात, मग डेपोला."

"म्हणून तर तुम्हाला आधी वाचायला दिलं," तो म्हणाला. मग रुळांकडे न बघता, थेट तिच्याकडे बघत, "मला तुम्ही आवडता, कुवाबारासान. फार. आता तुमचं उत्तर काहीही असलं तरी आपण साहेबांकडे जाऊ. ते ठरलंय. पण... उत्तर काय आहे?"

तिनं आपलं पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि तोंड फिरवून डोंगराकडे बघत राहिली. कागद उलगडल्याचा आवाज आला. तिला राहवेना, तिनं तिरक्या नजरेनं बघितलं. तो कारणाच्या रकान्यावर थांबला होता. तिथे लिहिलं होतं : मला उत्सुगी यांच्याशी आणखी थोडा वेळ बोलायचे होते. त्यांच्याशी नेहमीच बोलायचे असते.

सोनोबेकाकांचं खरं होतं. मान लाल झाली होती, गळ्यापासून कानापर्यंत, आणि आज वारा औषधालाही नव्हता.

"महिनाभर तरी गाडी देणार नाहीत मला," ती म्हणाली. "परत प्रशिक्षण, परत परीक्षा. तुमची एक्स्प्रेसही गेली."

"परीक्षा पुढच्या वर्षी देईन."

"आणि तोवर? महिनाभर गाडी न चालवता करायचं काय? मला तर बसवणारच नाही."

उत्सुगीनं दोन्ही कागद घडी घालून एकाच पाकिटात ठेवले. "बसायचं," तो म्हणाला. "मागे, डब्यात. खिडकीपाशी तुम्ही. शेजारी मी."

बोलता बोलता पन्नास मिनिटं सरली आणि गाडी वळणावर दिसू लागली. चिनात्सुनं सरकून त्याच्या हाताखाली आपला हात घातला. समोर अख्खी गाडी येत होती, ड्रायव्हर ओळखीचा होता, संध्याकाळपर्यंत दोन्ही डेपोंत बातमी होणार होती. तिनं हात काढला नाही.